शेवटच्या थेंबापाशी

२०२३ साली धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला आली होती. त्या दिवशी आमच्या घरात दिवे लागतात. आमचा मुलगा मात्र त्याच दिवशी धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला निघाला होता, आणि बरोबर मलाही नेत होता.

आम्ही दोघं तेव्हा अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला त्याच्याकडे गेलो होतो. हिचं माहेर धारवाडचं, घरात अंडंसुद्धा न चालणारं. लग्न होऊन बेळगावला आमच्या मराठा घरात आली, पण रविवारच्या मटणाचं भांडं वेगळं राहील हा करार तिनं पहिल्याच महिन्यात करून घेतला आणि तो आजवर टिकला आहे. मुलगा माझ्याशी मराठीत आणि आईशी कन्नडमध्ये भांडत मोठा झाला. तो मटण खातो याचं तिला काही नाही. पण त्याच्या गॅरेजमध्ये भिंतीवर टांगलेलं धनुष्य पाहिलं आणि ती तिथंच थांबली.

"पाप," ती म्हणाली, "अदर मरि एल्लैति?"

मुलानं सरळ उत्तर दिलं. इथली पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात, नोव्हेंबरपर्यंत दूध सोडून चरायला लागलेली असतात, आणि आपण तर नराच्याच मागे जाणार आहोत. सगळं बरोबर होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

"दिवाळी झाल्यावर गेलास तर चालणार नाही का?" मी विचारलं.

"नाही चालणार, अप्पा. हेच आठ-दहा दिवस असतात."

ते खरं होतं. हे हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, व्हाइटटेल. घाबरलं की शेपूट उभी करून पळतं, आणि झाडीतून फक्त तो पांढरा झेंडा नाचत जाताना दिसतो. आपल्याकडे चितळाचा नर वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पक्क्या शिंगांचा दिसू शकतो. तिकडच्या उत्तरेच्या राज्यांत तसं नाही. दिवस लहान होत जातो तसं नराच्या अंगात भिनत जातं आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात सगळे नर एकदम माजावर येतात. थंडी लवकर पडो की उशिरा, हिशेब उजेडाचा असतो. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते. गाभ साधारण दोनशे दिवसांचा. नोव्हेंबरात गाभ राहिला तर पिल्लू कोवळ्या गवतात जन्मतं, डिसेंबर उलटला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते पुरेसं वाढत नाही. एरवी उजेडात न दिसणारा नर या दिवसांत भर दुपारी नाक जमिनीला लावून धावत असतो, खाणं विसरतो, वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा गमावून बसतो. अशा वेळी तो चुका करतो. शिकारी त्या चुकांची वर्षभर वाट पाहतात.

आमच्या घरची तयारी मात्र वेगळीच चालली होती. हरणाला माणूस दिसण्याआधी वासानं कळतो. त्यामुळे मुलाचे शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुऊन, झाकणाच्या पेटीत सुक्या पानांबरोबर गॅरेजात ठेवलेले. स्वयंपाकघरातून हिंगाच्या फोडणीचा वास आला की तो गॅरेजचं दार बंद करायला धावायचा. मला सक्त ताकीद होती : केसांना खोबरेल नाही, तंबाखू नाही, शर्टाला अत्तर नाही. "दिवाळीत तेल लावू नको म्हणणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघतोय," मी म्हणालो. तो हसला, ही हसली नाही.

माझ्याकडे परवाना नव्हता. मी फक्त शेजारी बसणार होतो. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्या माणसाला त्या राज्यात शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पास व्हावा लागतो. आमचे चिरंजीव इंजिनिअर झाल्यावर बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या वर्गात बसून तो पास झाले होते. पोरांना त्याच्यापेक्षा जास्त येत होतं म्हणे.

मॅडिसनहून बॅराबू तासाभरावर. गावाजवळ विस्कॉन्सिन नदी लागते, रुंद आणि वाळूची. वाळूच्या बेटांवर करड्या सँडहिल क्रौंचांचे थवे उतरलेले होते, दक्षिणेला निघण्याआधी ते इथं जमतात. काचा बंद असूनही त्यांचा कर्णा वाजल्यासारखा आवाज आत येत होता. याच नदीकाठी आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ साली एक नापीक झालेलं शेत विकत घेतलं होतं. मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे हे प्राध्यापक शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी करून सुटीत तिथं राहत, झाडं लावत. निसर्गरक्षणाचा विचार करणारे लोक आज त्यांचं नाव आदरानं घेतात. ते स्वतः शिकारी होते, धनुष्यबाण हातानं बनवत, आणि त्यांच्या पत्नी एस्टेला राज्यात नावाजलेल्या धनुर्धर होत्या. फक्त धनुष्यबाणासाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम विस्कॉन्सिननं १९३४ साली सुरू केला तो याच सॉक आणि शेजारच्या कोलंबिया या दोन परगण्यांत. माझं तोवर असं मत होतं की शिकार करणारा आणि जंगल वाचवणारा ही दोन वेगळी माणसं असतात. गाडीत मुलानं हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, असेलही.

जागा त्याच्या मित्राच्या काकांची, ऐंशी एकर. अर्धं शेत मक्याचं, नुकतंच कापलेलं. बाकी ओकची राई, एक ओहोळ, आणि पलीकडे शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत दलदल. एक लाकडी खोपटं, त्यात लोखंडी शेगडी. चार माणसं होती. काका सत्तरीचे, दूधधंदा सोडलेले शेतकरी. पुतण्या सुतार, छातीपर्यंत दाढी. एक शाळेत शिकवणारी बाई, सगळ्यांत उत्तम माग काढणारी. आणि आमचा. चौघंही वर्षभर या दोन-तीन दिवसांसाठी रजा राखून ठेवतात.

हे मला नवीन होतं. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं संस्थानिक येतात. कोल्हापूरच्या महाराजांचे काळविटांवर सोडले जाणारे चित्ते, दाजीपूरचं राखीव रान. इथं सुतार आणि मास्तरीण. तिकडं हरीण कुणा जमीनदाराचं नसतं, ते राज्यातल्या सगळ्या लोकांच्या वतीनं सरकारनं सांभाळायचं असतं, आणि त्याचं मांस बाजारात विकायला बंदी आहे. ही बंदी ठेच लागून आलेली. एकोणिसाव्या शतकात कातडी आणि मांसाच्या व्यापारानं ही हरणं देशात मोजकीच उरली होती. १९०० सालच्या लेसी कायद्यानं चोरट्या मांसाची राज्याराज्यांतली ने-आण गुन्हा ठरवली, १९३७ च्या कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी खर्च होऊ लागला. पुढं बाणांवरही तो कर बसला. हरणं परत आली, आणि लांडगे बहुतेक ठिकाणी परत न आल्यामुळे इतकी वाढली की आता ती पिकं खातात, गाड्यांखाली येतात आणि ओकची रोपं वर येऊ देत नाहीत.

आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे आणि तो आपल्यासाठी योग्यच आहे. भीमगडच्या रानात आज जे काही शिल्लक आहे ते त्याच्यामुळे. तरी मला तिथं बसून लहानपणी खानापूरकडच्या आजोळी ऐकलेल्या पारधीच्या गोष्टी आठवल्या. कायद्याच्या आधीच्या गोष्टी. रानडुक्कर पडलं की वाटे व्हायचे, देवाचा, हाकाऱ्यांचा, आणि जखमी झालेल्या कुत्र्याचासुद्धा.

दुपारी अडीचला आम्ही बापलेक मचाणावर चढलो. मचाण म्हणजे ओकच्या बुंध्याला टेकवलेली पंधरा फुटी लोखंडी शिडी आणि वर दोघांपुरती बैठक. मुलानं मला पट्ट्यांनी झाडाला असं बांधलं की लहानपणी मी त्याला स्कूटरवर पुढं उभं करायचो त्याची आठवण झाली. धनुष्यबाणाच्या शिकारीत सर्वांत जास्त दुखापती झाडावरून पडूनच होतात म्हणे.

मग नुसतं बसणं. खोकायचं नाही, हलायचं नाही. खाली पायवाटेवर त्यानं दोन खुणा दाखवल्या होत्या. मनगटाएवढ्या झाडाची साल शिंगांनी घासून सोललेली, आणि वाकलेल्या फांदीखाली खुरांनी पाचोळा उकरून केलेली परातीएवढी मोकळी जागा, तिच्यात नराचं मूत. फांदीलाही तोंड-कपाळ घासून वास लावलेला. गावातल्या नोटीस बोर्डासारखंच ते. प्रत्येक जाणारा वाचून जातो आणि आपलं काही लिहून जातो.

दोन तासांत एक खार, तीन रानटर्की आणि माझे बधिर पाय. घड्याळं आदल्याच रविवारी एक तास मागं घेतली होती, त्यामुळे पावणेपाचच्या आत सूर्य मावळणार होता. सव्वाचार झाले असतील. पाचोळा वाजला. मादी आली, कान मागं वळवत, आणि तिच्यामागं डुकरासारखा खोल हुंकार देत नर. मान फुगलेली, तोंड उघडं. त्याला आमच्याकडं बघायला वेळच नव्हता.

मुलगा उठला कधी हे मला कळलं नाही. चाकांचं धनुष्य, साठ पौंडांची ओढ, पण पूर्ण ताणलं की हातावर दहा-बारा पौंडच उरतात, त्यामुळे थांबता येतं. नर वीस पावलांवर. मुलानं तोंडानं शेळीसारखा बारीक आवाज काढला, तो थांबावा म्हणून. तो थांबला. दोरी सुटली आणि त्याच क्षणी मादी पुढं उडाली आणि त्यानं एक पाऊल टाकलं.

एकच पाऊल. बंदुकीची गोळी धक्क्यानं पाडते, बाण तसा पाडत नाही. तो कापत जातो, रक्त जाऊन जनावर मरतं. बाण खांद्यामागं फुप्फुसांत गेला तर हरीण शंभर-दीडशे पावलांत, काही सेकंदांत कोसळतं. हा मागं गेला. नर चौखूर पळाला नाही. पाठ कमानीसारखी वर काढून, पोट आवळून, तो सावकाश चालत ओहोळाकडं गेला. मुलगा खाली बसला. त्याचे हात थरथरत होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासानं उतरलो. बाण मातीत रुतला होता. गुलाबी फेसाळ रक्त असतं तर फुप्फुस. हे काळपट होतं आणि पिसांना हिरवट काहीतरी लागलेलं. मुलानं तो हुंगला आणि काही न बोलता माझ्याकडं दिला. पोट.

"चल, शोधू या. अजून लांब गेला नसेल," मी म्हणालो. तोवर काका आणि बाकी दोघं कंदील घेऊन आले होते. काकांनी बाण पाहिला आणि मान हलवली. आता मागं लागलो तर तो उठेल, ते मला म्हणाले, भीतीनं मैल-दोन मैल जाईल, आणि मग तो कुणालाच सापडणार नाही. एकटं सोडलं तर जवळच कुठंतरी बसेल आणि तिथंच मरेल. सकाळपर्यंत थांबायचं. रात्र थंड आहे, मांस टिकेल.

मला ते क्रूर वाटलं. अजूनही ती रात्र आठवली की वाटतं. पण त्यांचं गणित बरोबर होतं आणि माझी घाई हरणासाठी नव्हती, माझ्या मनाला लागलेलं शांत करण्यासाठी होती. काकांनी तेवढ्यात शेजाऱ्याला फोन लावला. जखमी जनावर हद्दीपलीकडं गेलं तरी परवानगीशिवाय त्याच्या जमिनीत शिरता येत नाही. शेजारी म्हणाला, या खुशाल.

शेगडीवर हरणाच्याच खिम्याची राजमा घातलेली उसळ शिजत होती. मुलानं ताट पुढं ओढलं नाही. त्याला कुणी आग्रहही केला नाही आणि धीरही दिला नाही. सुतारानं फक्त त्याच्या स्वतःच्या एका हरणाची गोष्ट सांगितली, जे त्याला कधीच सापडलं नव्हतं. वर्ष सांगितलं, जागा सांगितली. विसरला नव्हता.

रात्री मुलानं आईला फोन लावला. मला वाटलं होतं की तो लपवेल. त्यानं सगळं कन्नडमध्ये सांगितलं, बाण कुठं लागला तेसुद्धा. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग ती एवढंच म्हणाली, "सिगो तनक बरब्याड." आणि फोन ठेवला.

अमावास्या दोन दिवसांवर, बाहेर दाट अंधार. मध्यरात्रीनंतर दलदलीकडून कोयोटे ओरडू लागले, आपल्या कोल्ह्यांसारखेच, पण जास्त चिरके. आम्ही दोघंही जागे होतो. बोललो नाही.

सकाळी पांढरं दव पडलेलं. काका दारात उभे राहून म्हणाले, वर्षातली सर्वांत चांगली सकाळ. थंडी, वारा नाही, नर चालते. या सकाळीसाठी त्यांनी रजा जमवल्या होत्या. आणि चौघांची चारही धनुष्यं खोपट्यात खुंटीलाच राहिली. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. मी पाहुणा म्हणून तोंडदेखलं म्हणालो, "तुम्ही तुमच्या मचाणांवर जा, आम्ही बघतो." बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झालो.

त्याच माग काढायला पुढं झाल्या. गुडघ्यांवर. ओकची पानं लाल-तपकिरी, प्रत्येक पानावर डाग, प्रत्येक डाग रक्तासारखा. त्या अंगठ्याला थुंकी लावून पुसून पाहत. तरी कळेना तर हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणी, रक्त असेल तर फेस येतो. माझे गुडघे तसे वाकत नाहीत, म्हणून मला काम मिळालं : शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं. पुढचा थेंब सापडला की मी तिथं जायचं, मागच्या जागी सुतार पांढऱ्या कागदाचा तुकडा फांदीला अडकवायचा. माग तुटला तर परत यायला पक्की जागा हवी. ती जागा मी.

साठ पावलांना चार थेंब. मग ओहोळापाशी सगळं संपलं. ते चौघं पलीकडं पांगले आणि मी एका लवंगेएवढ्या डागापाशी एकटा उभा राहिलो. तेवढ्यात डावीकडून एक नर आला. कालच्याहून मोठा. आठ-दहा पावलांवर थांबून त्यानं माझ्याकडं पाहिलं, नाकातून वाफ. मी श्वास रोखला. कुणाच्या हातात काही नव्हतं. तो आपल्या कामाला निघून गेला. मी हे नंतर जेवताना सांगितलं तेव्हा सुतारानं शिंगं केवढी होती ते तीन वेळा विचारलं.

दोन तास गेले. ते चौघं हातभर अंतर ठेवून दलदलीच्या उंच गवतात रांगेनं पुढं-मागं फिरत होते. शोधताना कुणी वर बघत नव्हतं. पावणेदहाला सुताराची हाक आली. एकच शब्द, मुलाचं नाव.

पाण्यापासून चार पावलांवर, गवत दाबून तो पडला होता, तोंड आल्या वाटेकडं. रात्रीच कधीतरी गेला असावा, पाय ताठ झालेले. कोयोट्यांनी शिवलं नव्हतं. अंग वाळलेलं, बरगड्या हाताला लागत होत्या, शिंगाचं एक टोक झुंजीत तुटलेलं. मुलगा शेजारी बसला आणि मानेवर हात ठेवून राहिला. बाकीचे थोडे मागं सरकून उभे राहिले, काकांनी टोपी काढली. बराच वेळ गेल्यावर तो मराठीत म्हणाला, "अप्पा, मी थांबायला हवं होतं."

"होय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पोटात बाण गेलेलं जनावर साफ करणं सोपं नसतं. वास येतो, थोडं मांस फेकावं लागतं. तेही चौघांनी केलं. मग दोर बांधून अर्धा मैल ओढलं. दुपारी फोनवरून नोंद झाली. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत ती करावीच लागते. जाताना मुंडकं तपासणीच्या पेटीत ठेवलं, सोबत अर्ज. हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली प्रथम सापडला. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनानं होतो, शिजवल्यानं जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मांसाचे चार सारखे वाटे झाले. मुलानं पाचवा करायला लावला, शेजाऱ्याचा.

मॅडिसनला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. शनिवार, नीर तुंबो हब्बाची संध्याकाळ. दारात पणती होती. ही उंबऱ्यात उभी, आम्हांला बाहेरच थांबवून. तिनं डब्यांकडं पाहिलं नाही, मुलाच्या चिखलानं भरलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"सिक्तेनु?"

"सिक्तु, अव्वा."

ती बाजूला झाली. न्हाणीघरात स्टीलची घागर घासून, हळदकुंकू लावून भरून ठेवली होती. "मोदल जळक माड," ती त्याला म्हणाली. मयताहून आलेल्या माणसाला सांगावं त्याच स्वरात. मग मला. मग तिनं दोघांना सारू-भात वाढला आणि त्याला दुसऱ्यांदा न विचारता वाढला.

डबे तारीख घालून फ्रीजरमध्ये गेले, निकाल येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू झाला, रस्ते नारिंगी जाकिटांनी भरले. मुलगा गेला नाही. आम्ही निघायच्या थोडे दिवस आधी त्याच्या फोनवर निरोप आला : रोग आढळला नाही. त्यानं तो मला दाखवला, मी तिला वाचून दाखवला.

ती भाजी चिरत होती. "हंगाद्र तिन्नरि," म्हणाली, आणि थोडं थांबून, सुरी वर करून, "बोगोणि ब्यारे."